कोपऱ्यातून बघायची काच

तिरपेकाकांनी माझ्याकडे सरळ बघितलं ते आयुष्यात एकदाच. ते कधी आणि का, हे मी शेवटी सांगणार आहे. आत्ताच सांगायची माझी तयारी नाही.

मुळात हे सांगायची वेळ का आली ते ऐका. मागच्या महिन्यात एका लग्नात आमच्या टेबलावर पंचवटीतले एक गृहस्थ बसले होते. जुन्या दुकानांच्या गप्पा निघाल्या. ते म्हणाले, "कारंजाच्या मागच्या बोळात तो मॉनिटरवाला होता बघा. गिऱ्हाइकाला फुटाणे खायला घालायचा आणि खराब माल गळ्यात मारायचा." टेबलावरचे सगळे खो खो हसले. माझं डोकंच फिरलं. "तुम्हाला काडीची माहिती नाहीये," असं मी इतक्या जोरात म्हणाले की वाढपी मठ्ठ्याचा जग घेऊन जागच्या जागी थांबला. आमच्या ह्यांनी टेबलाखालून माझा पाय दाबला. मी आवरतं घेतलं, पण घरी येईपर्यंत धुमसत होते. तो मॉनिटरवाला म्हणजे तिरपेकाका. ते जाऊन बरीच वर्षं झाली आहेत. आता त्यांचं गुपित सांभाळायचं तरी कुणासाठी?

तिरपेकाका हे काही त्यांचं नाव नव्हे. ते तिरळे होते असंही नाही. दोन्ही डोळे छान, पाणीदार, चष्मासुद्धा नव्हता. पण माणूस समोर उभा असला की काका त्याच्या खांद्यापलीकडे कुठेतरी बघत बोलायचे. भाजीवाल्या मावशीशी बोलताना तिच्या शेजारच्या कोथिंबिरीकडे बघायचे, गिऱ्हाइकाशी बोलताना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. त्यामुळे अख्ख्या बोळात त्यांना हेच नाव पडलं होतं. ते त्यांना माहीत होतं आणि त्याचा रागही नव्हता. फोन उचलला की स्वतःच म्हणायचे, "बोला, तिरपे बोलतोय."

दुकान म्हणजे एक लांबुळकी खोली. टीव्हीच्या रिपेअरिंगपासून सुरुवात केली होती, मग कॉम्प्युटर आले तसे जुने मॉनिटर घेऊन, दुरुस्त करून विकायला लागले. मॉनिटर म्हणजे तेव्हाचे ते मागे मोठं पोट असलेले, उचलताना कंबर मोडणारे. काका त्याला मॉनिटर कधीच म्हणायचे नाहीत. काच म्हणायचे. "काच कशाला पाहिजे? किती वेळ बघणार? किती लांब बसून?" हे तीन प्रश्न आधी. पैशांचं नंतर. कुणी मध्येच "किती इंची आहे?" असं विचारलं की चिडायचे. "टीव्ही घ्यायला आलायस का? इंच मोजायचे असतील तर शिंप्याकडे जा."

त्यांचे थोरले बंधू रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करायचे. त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वंशावळीच्या वह्या होत्या. काका म्हणायचे, "दादा वहीत लोकांचे पणजोबा शोधतो, मी काचेत खोट शोधतो. काम दोघांचंही नजरेचंच." हे वाक्य ते अभिमानानं म्हणायचे आणि मला तेव्हा ते गमतीचं वाटायचं.

मी पहिल्यांदा गेले ते भांडायलाच गेल्यासारखी. दोन हजार तीन साल असेल. मी निफाडजवळ द्राक्षं बाहेरदेशी पाठवणाऱ्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर कागदपत्रं करायचे. दिवसभर पेट्यांचे आकडे भरायचे आणि घरी आलं की गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायचे. हो, मी. चोवीस वर्षांची, स्थळं बघायला सुरुवात झालेली मुलगी. आईच्या दृष्टीनं हे वेड लागल्याचंच लक्षण होतं. पाहुणे आले की ती त्या कॉम्प्युटरवर क्रोशाचा रुमाल टाकायची. पण त्या तासाभरात मला कुणी काही विचारायचं नाही, रस्ता मोकळा असायचा आणि गाडी माझ्या हातात असायची. अडचण एवढीच की अर्ध्या तासात डोकं ठणकायला लागायचं. आईला वाटायचं, गेममुळे. मला वाटायचं, मॉनिटर लहान आहे म्हणून. तेव्हा सतरा इंची घ्यायचा, आणि साडेतीन हजारात घ्यायचा, असं मी ठरवून टाकलं होतं. कॉलेज रोडच्या शोरूममध्ये त्या पैशांत मला कुणी दारातही उभं करत नव्हतं. मैत्रिणीनं तिरपेकाकांचा पत्ता दिला.

मी गेले आणि सतरा इंची मागितला. काकांनी तीन प्रश्न विचारले. मी उत्तरं देत होते आणि हा माणूस माझ्याकडे न बघता माझ्या कानाच्या बाजूला बघत होता. मला ते मुळीच आवडलं नाही. बसस्टँडवर उभं राहून तिरक्या नजरांची सवय झालेली असते, पण पैसे देऊन ते कशाला सोसायचं? मी सरळ म्हणाले, "काका, माझ्या तोंडाकडे बघून बोला. बाईमाणसाशी बोलताना असं बघतात का?"

त्यांनी टेबलावरचा डबा पुढे ओढला. मग म्हणाले, "तुझ्याकडेच बघतोय गं. असंच बघतोय." आणि डबा उघडून माझ्या हातावर मूठभर फुटाणे ठेवले.

"हे काय?"

"खा. कुडुमकुडुम चाव आणि काचेकडे बघ."

मला वाटलं, माणूस सटकलेला आहे. पण दोन काचा शेजारी शेजारी चालू होत्या, एक सतरा इंची आणि एक पंधरा. दोन्हीवर काकांनी नुसतं कोरं पांढरं लावलं होतं. "पांढऱ्यावर खोट लपत नाही," म्हणाले. मी फुटाणे चावायला लागले आणि काय सांगू, सतरा इंचीवरचं पांढरं दाताबरोबर नाचायला लागलं! पंधरा इंची जवळजवळ शांत.

"आता काचेकडे बघूच नकोस. त्या कॅलेंडरकडे बघ. काच डोळ्याच्या कोपऱ्यात राहू दे."

मी कॅलेंडरवरच्या गणपतीकडे बघितलं. डोळ्याच्या कोपऱ्यात ती सतरा इंची काच दोरीवरच्या पातळासारखी फडफडत होती. मान वळवून सरळ बघितलं तर एकदम स्थिर, सुंदर. पुन्हा गणपतीकडे बघितलं, पुन्हा फडफड. अंगावर काटाच आला माझ्या.

"सरळ बघितलं की सगळ्याच काचा चांगल्या दिसतात," काका म्हणाले. "काच म्हणजे काय, तर आतून कुणीतरी रांगोळी काढतंय आणि ती लगेच पुसली जातेय. ही सतरावाली स्वस्तातली आहे. मोठं चित्र काढताना बिचारी दमते, सेकंदाला साठदाच काढते. ही छोटी पंच्याऐंशी वेळा काढते. तुझ्या डोक्याला ती पुसापुशी कळते, तुला कळत नाही. म्हणून ठणकतं."

मी पंधरा इंची घेतला. रिक्षात मांडीवर घेऊन गेले, पाय बधिर झाले. त्या संध्याकाळी मी दोन तास गाडी चालवली आणि डोकं दुखलं नाही. आईनं चार वेळा येऊन विचारलं, "दुखतंय ना?" नाही म्हटल्यावर ती जरा हिरमुसलीच.

त्यानंतर मी रविवारी तिकडे जाऊन बसायला लागले. कधी पेढे घेऊन, कधी ऑफिसातल्या कुणाला तरी गिऱ्हाईक म्हणून घेऊन. काकांची बायको लवकर गेली होती, मुलगी संगमनेरला दिली होती. घरी वाट बघणारं कुणी नव्हतं, म्हणून दुकान सकाळी सगळ्यांच्या आधी उघडायचं. कॉलेजची मुलं गेम खेळायला काच घ्यायला यायची आणि खिशात असायचे जेमतेम पैसे. त्यांना काका गेम लावून द्यायचे, फुटाणे द्यायचे आणि स्वतः डोळे मिटून ऐकत बसायचे. "चावणं थांबलं की समजायचं, काच आवडली." पण त्यात खोट असेल तर स्वतःच सांगायचे. एकदा गिऱ्हाईक पैसे काढून उभं असताना म्हणाले, "हिचा लाल रंग वर्षभरात जाणार. नको घेऊस." मी म्हटलं, काका, अशानं दुकान चालेल का? तर म्हणाले, "अशानंच चाललंय गं इतकी वर्षं."

काचेच्या मागची बारीक अक्षरं मात्र ते नेहमी मला वाचायला लावायचे. "चष्मा घरी राहिला" म्हणायचे. चष्मा त्यांच्याकडे नव्हताच, पण मी कधी विचार केला नाही.

माझा साखरपुडा झाला त्याच्या पुढच्या रविवारी गेले, तर दारातच म्हणाले, "कुड्या नवीन?"

मी चकितच झाले. "काका, ज्याच्याशी लग्न ठरलंय त्याला अजून दिसल्या नाहीत. तुम्हाला बऱ्या दिसल्या!"

ते हसले. मग शटर अर्धं खाली ओढलं आणि म्हणाले, "तुझ्याकडे सरळ बघितलं की मला तुझे कानच दिसतात. मधलं काही दिसत नाही. नाक, डोळे, काही नाही. धुरकट भोक आहे तिथं. बाजूला बघितलं तर थोडीफार कळतेस."

मला आधी थट्टाच वाटली. मग ते शांतपणे सांगत गेले. पाच-सहा वर्षं झाली होती. डॉक्टर म्हणाले होते, डोळ्याचा मधला भाग जातोय, कडा राहील. आधी वर्तमानपत्र गेलं, मग दादांच्या वहीतली नावं, मग माणसांचे चेहरे. "काचेचं काम तेवढं राहिलं. फडफड काय, कोपऱ्यातच दिसते. आणि आता माझ्याकडे सगळे कोपरेच आहेत." हे ते हसत म्हणाले, पण मला हसू आलं नाही. पहिल्या दिवशी मी काय बोलले होते ते आठवलं आणि तोंड कुठे लपवू असं झालं.

"कुणाला बोलू नकोस," ते म्हणाले. "मॉनिटरवाल्याला दिसत नाही म्हटल्यावर कोण येईल? हे दुकान बंद झालं तर संगमनेरला जावयाच्या घरी खाटेवर बसून राहावं लागेल. ते मला जमायचं नाही."

मी शब्द दिला, आणि तो पाळला. फार चांगला पाळला, तेच तर दुखणं आहे.

पुढच्या दोन-तीन वर्षांत चपट्या काचा आल्या. आल्या म्हणजे काय, बोळात मोर्चा आल्यासारखी लोकं मागायला लागली. काकांनी जमेल तितका विरोध केला. गेम खेळणाऱ्यांना सांगायचे, "गाडी पुढे जाते आणि तिचं भूत मागे राहतं, बघ." आणि तेव्हाच्या स्वस्त चपट्या काचांवर ते खरंच तसं दिसायचं. पण लोकांना टेबलावरची जागा वाचायला हवी होती. शिवाय चपटी काच फडफडत नाही. फुटाणे खाल्ले काय आणि कॅलेंडरकडे बघितलं काय, काही होत नाही. तिची खोट वेगळीच. एखादा ठिपका मेलेला असतो, टाचणीच्या टोकाएवढा. तो शोधायला सरळ बघावं लागतं.

शेवटी दुकान चालवायचं म्हणून काकांनी मुंबईहून चार चपट्या काचा आणल्या, कुठल्यातरी शोरूममध्ये मांडून ठेवलेल्या, म्हणून स्वस्त. मला फोन केला. "रविवारी गिऱ्हाइकाच्या तासभर आधी ये. तू बघून घे चारही."

गिऱ्हाईक मीच आणणार होते. रावसाहेब, आमच्या ऑफिसात गाड्या भरून पाठवायचं काम बघायचे. दोन मुलांचे बाप, आणि कॉम्प्युटरवरच्या क्रिकेटचं वेड मुलांपेक्षा बापालाच जास्त. द्राक्षाचा हंगाम संपल्यावर बक्षिसीचे पैसे मिळाले होते, त्यात बसणारी चपटी काच त्यांना हवी होती.

त्या रविवारी सकाळी मी गेम खेळत बसले. एक शर्यत काही केल्या जिंकत नव्हते. आणखी एकच फेरी, आणखी एकच फेरी म्हणत तो तास गेला. पोचले तेव्हा रावसाहेब दुकानात उभे होते आणि काका खोक्यातून काच काढत होते.

काकांनी पांढरं लावलं. जुन्या सवयीनं रावसाहेबांच्या हातावर फुटाणे ठेवले. रावसाहेब म्हणाले, "आवो काका, लय भारी दिसतीया." आणि मला त्या पांढऱ्याच्या अगदी मधोमध काळा ठिपका दिसला. तांदळात खडा दिसावा तसा, एकदा दिसला की दुसरं काही दिसेना.

काकांनी कॅलेंडरकडे बघत मला विचारलं, "काय गं, निर्मळ आहे ना?"

मी काय करायला हवं होतं ते मला तेव्हाही माहीत होतं. पण ठिपका आहे म्हटलं असतं तर रावसाहेबांनी पहिला प्रश्न हाच केला असता की काका, तुम्हाला नाही का दिसला एवढा? आणि रावसाहेबांच्या तोंडून ते निफाडपर्यंत गेलं असतं. शिवाय मनात म्हटलं, रावसाहेबांना कुठे कळतोय, क्रिकेट तर खेळायचंय. एवढा सगळा विचार एका क्षणात झाला आणि मी म्हणाले, "हो काका. एकदम निर्मळ."

पुढच्या रविवारी रावसाहेब मला घेऊनच दुकानात आले. काच गोधडीत गुंडाळून मोटारसायकलला बांधून आणली होती. रस्ताभर माझ्याशी नीट बोलले नाहीत. दुकानात शिरताच सुरू झाले. "काका, मधोमध ठिपका हाय. बॉल दिसंना मला! पोरं हसत्यात. तुमाला दिसला नाय का? का दिसून बी तशीच दिली?"

बोळातल्या दोन भाजीवाल्या उठून दाराशी आल्या. शेजारचा सायकलवालाही आला. मी काकांकडे बघत होते. दोनच वाटा होत्या. दिसला नाही म्हणायचं, नाहीतर दिसला होता म्हणायचं.

रावसाहेब माझ्याकडे वळले. "आन् ताई, तुमी बी तर बघितली व्हती ना?"

"तिला काय विचारता?" काका मध्येच म्हणाले. "मला दिसला होता. खपून जाईल म्हणून बोललो नाही. चूक माझी." आणि गल्ल्यातून पैसे काढून सगळेच्या सगळे परत दिले.

रावसाहेब जाताना म्हणाले, "तुमच्याकडनं ही अपेक्षा नव्हती काका." भाजीवाल्यांनी एकमेकींकडे बघितलं. त्या एका वाक्यावर इतक्या वर्षांचं दुकान गेलं. काका खराब माल गळ्यात मारतात असं झालं ते त्या दिवसापासून. वर्षाच्या आत त्यांनी खोली सोडली आणि संगमनेरला गेले, त्याच खाटेवर. मी दोनदा भेटायला गेले. जावई चांगला होता, चहा चांगला होता, पण खोलीत एकही काच नव्हती.

त्या रविवारी मात्र सगळे पांगल्यावर आम्ही दोघंच दुकानात राहिलो. गोधडीतून काढून लावलेली काच टेबलावर चालूच होती, पांढरी. काका म्हणाले, "कुठं आहे गं तो?" मी त्यांचं बोट धरून त्या ठिपक्यावर टेकवलं. त्यांनी बोट तसंच ठेवलं, जणू तो हाताला लागेल असं.

"अगदी मधोमध होय," म्हणाले.

मग कॅलेंडरकडे तोंड करून, म्हणजे माझ्याकडेच बघत, त्यांनी विचारलं, "तुला त्या दिवशी दिसला होता का?"

मला रडू येत होतं. माझं तोंड कसं झालं असेल ते मला माहीत आहे. आणि तरी मी म्हणाले, "नाही काका. खरंच नाही दिसला."

ज्याला दिसला नव्हता तो दिसला म्हणाला होता, आणि जिला दिसला होता ती आता नाही म्हणत होती.

काकांनी ठिपक्यावरचं बोट उचललं. मग त्यांनी हळूहळू मान वळवली आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं, अगदी सरळ, समोरासमोर.

"मग ठीक आहे," म्हणाले.

सरळ बघितलं की त्यांना माझे फक्त कान दिसायचे.